अवयवदान: ‘नाही’ लिहून दिलं नसेल तर ‘हो’च धरावं का? (मंडळाच्या ठरावाआधी मतं हवीत)

सुदामानगरी

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची वार्षिक सभा आहे. (इंदुरातलंच मंडळ. नाव देत नाही, निम्मे सभासद इथे वाचत असतात.) गणपतीचा हिशोब, हॉलचं भाडं आणि शेवटी पोहे, यापलीकडे त्या सभेत काही घडत नाही. यंदा मी एक ठराव मांडणार आहे. एखाद्याने जिवंतपणी ‘मला अवयव द्यायचे नाहीत’ असं लिहून ठेवलेलं नसेल, तर ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद) झाल्यावर त्याची संमती आहे असंच धरावं, तसा कायदा केंद्राने करावा, अशी मागणी मंडळाने पाठवावी.

कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझी मोठी बहीण गेली. वय ६१. शाळेत गणित शिकवायची, निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळी कुकर लावला, ‘डोकं फार दुखतंय रे’ म्हणाली आणि ओट्यापाशीच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ब्रेन डेड. व्हेंटिलेटर चालू, छाती वर-खाली होत होती, हात कोमट. लिव्हर चांगलं होतं, किडन्या चांगल्या होत्या.

ताईने सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात अवयवदानाचा फॉर्म भरला होता. मी बरोबर होतो, साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. कार्ड तिच्या पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे असायचं. एवढं असून झालं नाही. भाचा पुण्याहून रात्रीच्या बसने निघालेला, त्याला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘नाही मामा, आईला आता कापायचं नाही.’ विषय संपला. दवाखान्याने ते कार्ड पाहिलंसुद्धा नाही. मुलगा नाही म्हणाला ना, मग नाही.

आणि यानंतरचं कुणी सांगत नाही. आपल्याला वाटतं, नाही म्हटलं की मशीन काढतात. तसं नसतं. मशीन चालूच राहिली, आणखी दोन दिवस, हृदय आपणहून थांबेपर्यंत. बिलही चालूच राहिलं. ती गेलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि आम्ही बाहेर बाकावर बसून मॉनिटरवरचा आकडा कधी उतरतो याची वाट बघतोय. 

भाच्यावर राग नाही. सत्तावीस वर्षांच्या पोराला असं कोंडीत धरायचंच कशाला? कायद्यानेच ‘हो’ धरलं असतं तर हा प्रश्न त्याच्यापर्यंत गेलाच नसता. आपल्या देशात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचा वर्षाचा आकडा हजाराच्या वर गेला तो पहिल्यांदा २०२३ मध्ये. १४० कोटींत हजार, म्हणजे दहा लाखांमागे एकसुद्धा नाही. त्याच वर्षी स्पेनमध्ये दहा लाखांमागे ४८-४९. आणि स्पेनमध्ये असा कायदा १९७९ पासून आहे.

बोला.

शेव_परमल

ताईंचं वाचून वाईट वाटलं. माझा ठरावाला पाठिंबा. फक्त सभेत पोहे आधी वाटा आणि ठराव नंतर मांडा, नाहीतर कोरम उरत नाही, हा अनुभव आहे.

कडक_मालवी

काका, तुम्ही अर्ध्यावर थांबलात. मी म्हणतो सक्तीच करा. अपघातात माणूस गेला तर पोस्टमॉर्टमला घरच्यांची परवानगी घेतात का? नाही ना? पोलीस पंचनामा करतात आणि चिरतात. तेव्हा कुणी म्हणत नाही ‘आमच्या बाबांना कापू नका’. म्हणाले तरी कुणी ऐकत नाही. एका कागदासाठी देह उघडायला चालतो आणि चार माणसं जगवण्यासाठी चालत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

शेवटी सगळं पंचकुइयाच्या स्मशानात नेऊन जाळायचंच आहे. राखेला लिव्हर लागत नाही.

बडोद्याची_सून

तर्क ऐकायला बरा आहे, पण राखेचं वाक्य ज्याचं माणूस आत आहे त्याच्यासमोर म्हणून बघा.

वकीलबाई

@कडक_मालवी, पोस्टमॉर्टमचा मुद्दा चांगला आहे, उगाच उडवून लावणार नाही. पण पोस्टमॉर्टम त्या मेलेल्या माणसासाठीच असतं. त्याला कुणी मारलं का, हे शोधण्यासाठी. अवयव काढणं हे दुसऱ्यासाठी. त्याच्यासाठी काही करताना त्याला विचारलं नाही तर एक वेळ चालतं, त्याच्याकडून काही घेताना विचारावं लागतं. आणि सरकारने शरीरावर सक्ती केली की काय होतं हे आपल्या भागाला शिकवायला नको. आमच्या सासऱ्यांच्या ऑफिसात १९७६ साली नसबंदीचा कोटा होता. त्यानंतर कित्येक वर्षं गावात लस द्यायला गाडी आली तरी माणसं शेतात पळायची, असं ते सांगायचे.

आता सुदामानगरी काका, तुमच्या ठरावाबद्दल. दोन गोष्टी, आणि दोन्ही तुम्हाला आवडणार नाहीत.

पहिली. स्पेनमध्ये कायदा १९७९ चा आहे हे खरं. पण तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत, आणि घरचे नाही म्हणाले तर काढत नाहीत. कायदा झाल्यावर दहा वर्षं तिथे फार काही हललंही नव्हतं. १९८९ मध्ये त्यांनी एक राष्ट्रीय संस्था उभी केली, मोठ्या दवाखान्यांतून प्रशिक्षित समन्वयक नेमले, बहुतेक स्वतः आयसीयूचेच डॉक्टर, आणि तिथून आकडा चढला. त्या संस्थेचे संस्थापक राफाएल मातेसांझ स्वतःच सांगत आले आहेत की हे यश कायद्याचं नाही, व्यवस्थेचं आहे. उलट बाजू पाहायची तर ब्राझील. तिथे १९९७ मध्ये तुम्ही म्हणता तसाच कायदा आला, लोक घाबरून ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असं लिहून घ्यायला रांगा लावू लागले, १९९८ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. इंग्लंडने २०२० च्या मे महिन्यात असाच कायदा केला, आणि पुढच्या वर्षांत घरच्यांच्या होकाराचं प्रमाण वाढायच्या ऐवजी खाली आलं.

दुसरी. आपला अवयवदानाचा १९९४ चा कायदा नीट वाचा. माणसाने हयातीत दोन साक्षीदारांसमोर लेखी संमती दिली असेल, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असेल, आणि त्याने ती नंतर मागे घेतल्याचं कुणाला माहीत नसेल, तर ती संमती पुरेशी आहे. भाऊ जवळच्या नातेवाइकांत येतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर कायदा तुमच्या ताईंच्याच बाजूने होता. नवा कायदा करून तुम्हाला जे हवंय, ते त्यांच्यापुरतं आधीच होतं. दवाखाने तरीही कुटुंबाचा होकार घेतात, कारण रडणाऱ्या मुलाला बाजूला सारून त्याच्या आईला ऑपरेशन थिएटरात नेण्याची कुठल्याही डॉक्टरची छाती नाही. नसावीही.

सुदामानगरी

स्पेनचं मला अर्धवटच माहीत होतं म्हणायचं. पण मग कायदा असून उपयोग काय, जर मुलाच्या एका शब्दाने तो गळून पडतो? मी म्हणतो ते हेच. ‘हो’ हे मूळ धरा. मग नाही म्हणणाऱ्याला निदान कारण द्यावं लागेल.

राजवाड्याचा_भिया

भिया, तुम्ही सगळे चांगल्या घरचे लोक बोलून राहिलेत. मी जरा वेगळं बोलतो. माझ्या मोठ्या भावाला २०२१ च्या एप्रिलमध्ये ॲडमिट केलं होतं, कुठे ते सोडा. त्या वेळी ह्याच इंदुरात नकली रेमडेसिविर विकताना लोक पकडले गेले. बेडसाठी काय काय केलं ते आम्हालाच माहीत. आता तुम्ही मला सांगून राहिले की दवाखान्याचाच डॉक्टर म्हणेल ‘हा मेला’ आणि मी लिहून दिलं नसेल तर त्याच दवाखान्याला अवयव घ्यायची मोकळीक. लिहून द्यायचं म्हणजे काय, ज्याला लिहिता येत नाही त्याचं काय? पालदा, मूसाखेडीकडच्या मजुराला कोण सांगणार की बाबा रे, तू गप्प बसलास म्हणून तुझी किडनी गेली?

आणि लिव्हर बसवायला वीस-पंचवीस लाख लागतात. देणारा कोण आणि घेणारा कोण, तुम्हीच जोडा. गप्प राहणं म्हणजे होकार, हे फक्त बोलता येणाऱ्यांना परवडतं.

शेव_परमल

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. माझा पाठिंबा जरा डळमळीत झाला आहे, नोंद घ्यावी.

आयसीयू_नाईट

मी इथे चार वर्षं नुसती वाचते, पहिल्यांदा लिहितेय. इंदुरात आयसीयूत सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. माहेर खंडव्याचं. माझं मराठी थोडं हिंदी मिसळलेलं आहे, चालवून घ्या.

राजवाड्याचे भिया, तुमची शंका मी रोज ऐकते आणि मला ती खोटी वाटत नाही. फक्त प्रक्रिया काय आहे ते सांगते. ब्रेन डेड कुणी एक डॉक्टर म्हणून चालत नाही. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, त्यांत दवाखान्याचे प्रमुख, मेंदूचे डॉक्टर, इलाज करणारे डॉक्टर असे असतात, आणि अवयव बसवणाऱ्या टीममधला कुणी त्यात असू शकत नाही. टेस्ट एकदा होते, मग कमीत कमी सहा तासांनी पुन्हा होते. डोळ्यांत टॉर्च मारतात, बुबुळाला कापूस लावून बघतात, कानात बर्फाचं पाणी घालतात. शेवटी ॲप्निया टेस्ट. म्हणजे ऑक्सिजन देत राहतात पण मशीनचा श्वास बंद करतात, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड चढू देतात. मेंदूचा जो भाग श्वास घ्यायला सांगतो तो जरासाही जिवंत असेल तर इतक्या कार्बन डायऑक्साइडने माणूस श्वास घेणारच. छाती हलते का, एवढंच सगळे बघत उभे असतात. मी खूप टेस्ट पाहिल्यात. प्रत्येक वेळी मी स्वतःचा श्वास धरून ठेवते, सवयच लागली आहे.

लोक कोमा आणि ब्रेन डेड एकच समजतात. मुंबईच्या केईएमच्या अरुणा शानबाग बेचाळीस वर्षं अंथरुणात होत्या, पण त्यांचा श्वास स्वतःचा होता. त्या ब्रेन डेड नव्हत्या. ब्रेन डेडमध्ये मशीन काढली तर श्वास शून्य. छाती हलते ती मशीन हलवते म्हणून, आणि हात गरम लागतो कारण हृदयाला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही, ते काही काळ आपलंआपण चालतं.

आता काका, तुमच्या ठरावाबद्दल. मला कायद्यातलं कळत नाही. मला एवढं माहीत आहे की होकार-नकार ठरतो तो काउन्सेलिंगच्या त्या लहान खोलीत, आणि कसा विचारला यावर ठरतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच दमात दोन गोष्टी सांगणं. ‘पेशंट ब्रेन डेड आहे, आणि तुम्ही अवयवदान करू शकता.’ समोरच्याला ‘आणि’च्या आधीचं अजून कळलेलंच नसतं. मरण सांगायचं, मग थांबायचं. त्यांना आत जाऊन बसू द्यायचं. कधी एक तास, कधी तीन. कुणीतरी आपणहून विचारतं, ‘आता पुढे काय?’ तेव्हा बोलायचं. माझ्या अनुभवात ज्यांना थांबायला वेळ मिळाला त्यांच्यातले निम्म्याहून जास्त हो म्हणाले, आणि ज्यांना घाईने विचारलं ते जवळजवळ सगळे नाही म्हणाले. हा माझा अंदाज आहे, आकडेवारी म्हणून सभेत वाचून दाखवू नका.

आणि बिलाचं. होकार दिल्यावर अवयव निघेपर्यंतचा खर्च घरच्यांकडून घ्यायचा नसतो, नियमातच आहे. बऱ्याच लोकांना हे कुणी सांगत नाही.

एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंत, दवाखान्याने कार्ड पाहिलं नाही. तुम्ही दाखवलं होतं का? कारण आमच्याकडे कुणी कार्ड पुढे केलं तर ते फाइलला लागतं.

कडक_मालवी

सिस्टर, सलाम. सक्तीवरून मी हटलो नाही, पण कानात बर्फाचं पाणी हे मला माहीत नव्हतं.

मंगळ_गुरु_शनी

आयडीवरूनच कळलं असेल. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. आता डायलिसिसच्या खुर्चीतूनच लिहितोय, डाव्या हातात सुया आहेत, त्यामुळे टायपिंगच्या चुका माफ.

मला २०१४ मध्ये आईने किडनी दिली. नडियादला झालं ऑपरेशन. इंदूरकडचे कितीतरी लोक तेव्हा तिकडेच जायचे. आईची किडनी नऊ वर्षं चालली. तिला ६८ पूर्ण झाली तेव्हा तिनेच फोन करून विचारलं, ‘माझी कशी आहे रे?’ म्हणजे माझ्या पोटातली. आता ती बंद पडलीय आणि बायको म्हणते मी देते. आमच्या सेंटरवर बघा, खुर्चीत जास्त करून पुरुष, बाहेर डबा घेऊन बसलेल्या बायका, आणि ज्याचं प्रत्यारोपण झालं त्याला विचारलं तर किडनी आईची, बायकोची, नाहीतर बहिणीची. देशभर हेच चित्र आहे. वर्षाला अठरा हजारांवर प्रत्यारोपणं होतात, त्यांतली बहुतेक जिवंत माणसाकडून, आणि देणारी बहुतेकदा बाई. २०२५ मध्ये नोट्टोला (केंद्राची अवयव-प्रत्यारोपणाची संस्था) सूचना काढावी लागली, की मृत दात्याच्या अवयवांसाठी थांबलेल्या स्त्रियांना प्राधान्य द्या. तुम्ही मृत्यूनंतरच्या दानावर जेवढं भांडाल तेवढ्या या बायका वाचतील, इकडूनही बघा.

दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा आणि वरण धरून. नारळपाणी बंद, केळं बंद. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो तर भुट्ट्याच्या किसाच्या वासावर परत येतो.

तुम्ही विचारलं, कायदा हवा का. खरं सांगू? रात्री दोन वाजता दम लागून उठून बसतो तेव्हा मला सक्ती हवी असते. कुणाचीही, कशीही, आणा. सकाळी उजाडल्यावर नको वाटते. ज्यांच्या घरात अजून कुणी ‘आमच्या माणसाला विचारल्याशिवाय घेतलं’ म्हणतंय, ते माझ्या पोटात घेऊन मी फिरू कसा? आईची होती तेव्हा निदान ती फोन करून विचारायची.

बडोद्याची_सून

यावर काय लिहावं कळत नाही. जपा.

माझ्याकडून एक लहान गोष्ट. सगळं काही ब्रेन डेडवर अडत नाही. सासूबाई घरीच गेल्या, वडोदऱ्याला, वय ८३. डोळे सहा तासांच्या आत घेतात, त्याला आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको. पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि आय बँकेला फोन करायचा. ते लोक येऊन वीस मिनिटांत काम करून गेले. चेहऱ्यावर काही कळलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, पुढच्या जन्मी आंधळ्या जन्मतील. यजमान म्हणाले, ‘आई शेवटची पाच वर्षं मोतीबिंदूने आंधळीच होती, तेव्हा कुणी आलं नाहीत.’ त्यानंतर काकू तेराव्याला आल्या नाहीत, ते वेगळं.

आणि कृपा करून कुणी दधीची ऋषी आणू नका. प्रत्येक शिबिरात तेच. दधीचींना देवांनी येऊन समोर बसून विचारलं होतं, एवढं मात्र लक्षात घ्या.

वकीलबाई

शेवटच्या ओळीला टाळ्या.

राजवाड्याचा_भिया

सिस्टरजी, चार डॉक्टरांचं समजलं. शंका पूर्ण गेली नाही, पण ज्या पद्धतीने तुम्ही सांगितलं तसं भावाच्या वेळी एकानेही बसून सांगितलं असतं तर आज मी एवढा कडू नसतो. मंगळ गुरु शनी भाऊ, तुम्ही कुठल्या सेंटरवर असता? मी शनिवारी मोकळा असतो. डबा बिबा पोचवायचा असेल तर मेसेज करा.

शेव_परमल

मध्येच एक. २०१५ मध्ये इंदुरात पहिल्यांदा ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेणाऱ्या गाडीसाठी मोकळा केलेला रस्ता) झाला तेव्हा मी गीता भवन चौकात सिग्नलला अडकलो होतो आणि ट्रॅफिकवाल्याला शिव्या घातल्या होत्या. वाटलं कुणी मंत्री जातोय. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की ते लिव्हर होतं, विमानाने गुरुग्रामला गेलं. आता शहराने पन्नासच्या वर कॉरिडॉर केलेत, लोक आपणहून गाडी बाजूला घेतात. कायदा काही बदलला नाही, तरी एवढं झालं. सरकार आता अवयवदात्याला गार्ड ऑफ ऑनर देतं, तेही बघितलं. पोलीस उभे राहून सलामी देतात तेव्हा विरोध करणारे नातेवाईकही मोबाईल काढतात.

कॉरिडॉरची घाई कशासाठी, हे मला मेव्हण्याने सांगितलं. हृदय चार ते सहा तासच टिकतं, लिव्हर आठ-बारा, किडनी दिवसभर तग धरते. म्हणजे आपण सिग्नलला हॉर्न वाजवतो ती पाच मिनिटं कुणाच्या तरी चार तासांतली असतात.

कडक_मालवी

सिंगापूरचा उपाय कुणी काढला नाही. १९८७ पासून तिथे तुम्ही नाही लिहिलं नाहीत तर हो धरतात, आणि ज्याने ‘नाही’ लिहिलं तो स्वतः आजारी पडला तर यादीत मागे. देणार नाही तर घेऊही नका. आपल्या लोकांना हीच भाषा कळते.

वकीलबाई

छोट्या बेटावर, जिथे प्रत्येकाला पत्र पोचतं आणि वाचता येतं, तिथे ठीक. भियांनी विचारलेला मजूर आठवा. त्याच्यापर्यंत फॉर्म पोचला नाही म्हणून त्याची किडनी आपली? आणि आपल्याकडे यादीत मागे पडायला आधी यादीत नाव लागावं लागतं. त्याचं नाव मुळात नसतंच.

मला विचाराल तर ठराव करा, पण वेगळा. २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या ब्रेन डेड रुग्णाच्या घरच्यांना अवयवदानाबद्दल विचारणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. जिथे प्रत्यारोपण होतं वा अवयव काढले जातात तिथे कोऑर्डिनेटर असणंही बंधनकारक आहे. हे किती ठिकाणी नीट होतं, ते मंडळाने पत्र लिहून विचारावं. दुसरं, घरच्यांनी नकार दिल्यावर ब्रेन डेड माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवत राहायचं की नाही, यावर आपल्याकडे स्पष्टता नाही. ब्रेन डेथची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यातच अडकून पडली आहे, म्हणून नकार आला की डॉक्टरही हात मागे घेतात. काकांचे ते दोन दिवस त्यातून आले.

सुदामानगरी

सगळ्यांचे आभार. वकीलबाईंचं दुसरं कलम मी घेतो. त्या दोन दिवसांबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच कायद्याच्या भाषेत बोललं.

पण मी अजून मूळ मुद्द्यावर आहे. इतकी चर्चा झाली, तरी घरच्या एकाने नाही म्हटलं की संपतं हे कुणी खोडलं नाही. ताईची इच्छा लेखी होती. ती मोडली गेली. भाच्याला दोष नाही, तो दूर होता, धक्क्यात होता. म्हणूनच म्हणतो की विचारायचंच कशाला.

ही लिंक आमच्या घरच्या ग्रुपवरही टाकतोय.

आयसीयू_नाईट

काका, माझा प्रश्न राहिला. कार्ड दाखवलं होतं का?

शेव_परमल

दोन दिवस धागा शांत आहे. सभा कधी आहे?

गणिताच्या_बाईंचा_मुलगा

खातं आजच उघडलंय. मी तो भाचा.

मामा, लिंक तू ग्रुपवर टाकलीस म्हणून वाचलं. तीनदा वाचलं. तू लिहिलंयस की फोनवर मला सगळं सांगितलंस. माझी बस तेव्हा सेंधव्याच्या घाटात होती, रेंज येत-जात होती. तोपर्यंत तुम्ही सगळे मला ‘कोमात आहे, तू ये’ एवढंच सांगत होतात. तुझा फोन आला आणि तू म्हणालास, ‘डॉक्टर अवयवांचं विचारतायत. काय करायचं? निर्णय तुझा आहे.’ ती गेली हे मला अवयव या शब्दावरून कळलं. सिस्टर म्हणतात ते ‘आणि’सुद्धा माझ्या वाट्याला आलं नाही. शेजारी एक माणूस चिवडा खात होता. मी त्याच्यासमोर नाही म्हणालो.

मग मी पोचलो. तिचा हात गरम होता. माझ्याशी नंतर कुणी काही बोललं नाही, मला वाटलं आता विचारण्याची वेळ गेली असेल. ते दोन दिवस मीही त्याच बाकावर होतो मामा, तुझ्या शेजारी. तू एकदाही म्हणाला नाहीस की आईने फॉर्म भरलाय. मला ते तेराव्याच्या दिवशी कळलं, तू पाहुण्यांना सांगत होतास तेव्हा. तिने मला कधी सांगितलं नव्हतं, आमच्यात असलं बोलणं व्हायचं नाही.

तू कायद्याला साक्षीला बोलावतोयस. फॉर्मवर साक्षीदार तू होतास.

सुदामानगरी

सिस्टर, नाही. दाखवलं नव्हतं. ॲडमिट करताना आधार कार्डासाठी तिची पर्स उघडली तेव्हाच ते माझ्या हाताला लागलं होतं. शर्टाच्या खिशात ठेवलं. पाचही दिवस तिथेच होतं.

मलाही कापायचं नव्हतं तिला. ते कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं असं वाटत होतं.

सभेतला विषय मी काढून घेतोय. वकीलबाई, तुमच्या दोन मुद्द्यांचं पत्र तयार करून दिलंत तर त्यावर सह्या गोळा करेन.

बाळा, फोन करतोय. उचल.

गणिताच्या_बाईंचा_मुलगा

मीटिंगमध्ये आहे. सातनंतर कर.